कोपराच्या मापाचं टेबल

मागच्या दिवाळीनंतर पाच गोधड्या आणि सहा दुपट्यांचं काम एकदमच आलं. नागपूरच्या ओळखीच्या बाईंना लग्नात द्यायला हव्या होत्या. ओसरीत सतरंजी टाकली, तिच्यावर अस्तर पसरलं, अस्तरावर जुन्या लुगड्यांचे थर, आणि रांगत रांगत कच्चे टाके घालायला लागले. तिसऱ्या गोधडीला मला उठताच येईना. एक गुडघा टेकलेला, एक हात भिंतीला, आणि कंबर मधल्या मधे अडकलेली. कापसाचा दुसरा वेचा सुरू होता, सगळे वावरात. घरी फक्त मी आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "काहून वं, पुन्हा रांगाले लागली का?"

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि खाली बसून काम करू नका म्हणाले. आत्यांना ते काही पटलं नाही. त्यांचं शिवण अख्ख्या जन्माचं खालचं. एक पाय दुमडलेला, एक गुडघा उभा, त्या गुडघ्यावर कापड ताणलेलं आणि हातात दाभण. वर त्यांच्याकडे सेवाग्रामचा दाखला तयार. "गांधीजी खालीच बसत होते ना? त्याईची नाय दुखली कंबर." बापूकुटी मीही पाहिली आहे, लग्नानंतर आत्यांनीच नेलं होतं. जमिनीवरची बैठक आणि समोर ठेंगणं डेस्क. पण डेस्क होतंच ना! कागद त्यांच्या हातापर्यंत वर आणलेला होता. सात फुटांच्या कापडावर कुणी त्यांना रांगायला लावलं नव्हतं. हे मी आत्यांना सांगितलं नाही. त्यांच्याशी गांधींवरून वाद घालण्यात अर्थ नसतो.

मी मात्र टेप घेतली. टेबल करायचं तर किती उंच, हा प्रश्न होता, आणि आमच्याकडे त्याचं एकच उत्तर आहे: तीस इंच. सुतार तीस सांगतो, वेल्डिंगवाला तीस सांगतो, दुकानातलं टेबलही तीसच्या आसपासच असतं. ते तीस इंच खुर्चीवर बसून लिहिणाऱ्या माणसाचं माप आहे. उभं राहून कापड कापणाऱ्या बाईचं नाही. मी अनवाणी उभी राहिले, खांदे सैल सोडले, हात कोपरात काटकोनात वाकवला आणि मुलीला म्हटलं, जमिनीपासून कोपरापर्यंत मोज. अडतीस इंच. माझी उंची पाच फूट एक इंच. मग लक्षात आलं की घरातलं काहीच माझ्या मापाचं नाही. स्वयंपाकाचा ओटा गवंड्याच्या सवयीच्या मापाचा, तो बत्तीस इंच. म्हणूनच ओट्यावर भाकरी थापताना काही होत नाही, कारण थापायला वरून जोर लागतो. पण तिथेच वाकून बारीक भाजी चिरत बसलं की अर्ध्या तासात मान भरून येते.

कापायच्या टेबलाला मी कोपरापासून तीन इंच खाली यायचं ठरवलं. म्हणजे पस्तीस. उभं राहून पाहायला पैसे लागत नाहीत: घडवंचीवर फळी, फळीवर दोन पाट, त्यावर कापड ठेवून कात्री चालवून बघितली. बत्तीसवर वाकावं लागत होतं, अडतीसवर खांदे वर जात होते, पस्तीसवर हात आपोआप चालला. ज्यांना टेबल करायचं आहे त्यांनी पैसे काढण्याआधी एवढं नक्की करावं. पाच फूट सहा इंचांच्या बाईला माझं टेबल बुटकं पडेल, आणि तिचं मला उंच पडेल.

आता वरची फळी. आठ बाय चारचा प्लायवूड पाहिला, किंमत ऐकली आणि तो तिथेच ठेवला. शिवाय चार फूट रुंदीचं टेबल मला नकोच होतं, माझा हात पलीकडे पोचत नाही. मग फ्लश दाराची, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट प्लायच्या दाराची, कल्पना आली. गावात एक जुनं घर पाडत होते, तिथे आतल्या खोलीचं दार सातशेला मिळालं. साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद, गुळगुळीत, आणि इतकं हलकं की मी आणि मुलगी दोघींनीच उचलून आणलं. तेव्हा त्या हलकेपणाचा मला आनंद झाला होता. त्याचा अर्थ नंतर कळला.

पायांसाठी दोन लोखंडी घोड्या. एक इंची चौकोनी पाइपच्या, प्रत्येकीला चार पाय आणि वर अडीच फुटांची आडवी दांडी. लाकडाच्या केल्या असत्या तर स्वस्त पडल्या असत्या, पण आमच्या ओसरीला शेणाचं सारवण, पावसाळ्यात लाकूड जमिनीला टेकलं की उधई लागलीच म्हणून समजा. वेल्डिंगवाल्या दादांना दाराची जाडी धरून पस्तीस इंच सांगितलं. त्यांनी वहीत तीस लिहिलं. मी म्हटलं पस्तीस. ते म्हणाले, "ताई, टेबल तिसाचंच रायते." मी म्हटलं, माझं पस्तिसाचं राहील. शेवटी दुकानातच उभी राहून कोपर दाखवलं. दोन्ही घोड्यांचे चौदाशे झाले. ओसरी सपाट नाही, त्यामुळे एक पाय नेहमी हवेत. त्याच्याखाली जुन्या स्लीपरचा तुकडा कापून घातला, आता हलत नाही आणि आवाजही येत नाही.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पुढची चूक माझी.

मी त्याच सुमारास विजेवरची एक लहान मशीन घेतली होती. झिगझॅग वगैरे येतं, हलकी, कुठेही ठेवता येते. पण टेबलावर ठेवली की सुईखालचा भाग टेबलापेक्षा तीन इंच वर येतो. रुमाल शिवायला काही वाटत नाही. तीन-साडेतीन किलोची गोधडी घेऊन बसा, मग कळतं. कापड त्या तीन इंचांच्या उंचवट्यावरून खाली लटकतं, लटकलेलं वजन सुईला ओढतं, आणि टाका कुठे लांब, कुठे आखूड पडतो. जोराने ओढलं गेलं की सुई वाकते आणि खालच्या पत्रीवर आपटून मोडते. एका संध्याकाळी तीन सुया मोडल्या. आपल्याला वाटतं आपला हात वाईट आहे. हात नसतो वाईट, गोधडी खाली लोंबत असते.

उपाय मला माहीत होता: मशीन टेबलात बुडवायची, म्हणजे तिचा सुईखालचा भाग आणि टेबलाचा पृष्ठभाग एका पातळीत येतो. सुतारकाकांना म्हटलं, दाराला पंधरा बाय सातचं भोक पाडा आणि खालून मशीन ठेवायला फळी लावा. त्यांनी बोटाने दारावर टकटक केलं आणि म्हणाले, "हे पोकळ हाय बाई." मी म्हटलं, पाडा तुम्ही. त्यांनी पाडलं. आत काय होतं? दोन बाजूंना पातळ प्लाय, मधे अंतरा-अंतरावर काड्यांसारख्या पट्ट्या, आणि बाकी हवा. दाराच्या चारही कडांना तेवढं भरीव लाकूड असतं, आणि जिथे कुलूप बसवतात तिथे एक ठोकळा. मधे स्क्रू धरायला काही नाही. खालची फळी लावायला गेलो तर स्क्रू गोल गोल फिरत राहिले आणि भोकाची कड चुरा होऊन गळायला लागली. दार घ्यायचं असेल आणि त्यात काही बसवायचं असेल, तर आत ठोकळे भरलेलं, जड दार घ्यावं. नुसतं वर कापायला-पसरायला हवं असेल तर पोकळ चालतं, उलट उचलायला सोपं जातं.

आठ दिवस मी त्या भोकाकडे बघितलं नाही. त्यावर वर्तमानपत्र टाकून ठेवलं. मग एकदा कापताना चिंध्या आपोआप त्यात पडल्या आणि मला हसायला आलं. आता भोकाखाली तारेने पोतडी लटकवली आहे. कापायचं, हाताने सरकवायचं, चिंधी खाली. ओसरीत एक चिंधी दिसत नाही. घरी येणाऱ्या बाया म्हणतात, काय डोकं लावलं! मी मान हलवते.

मशीनचा प्रश्न मात्र तसाच होता, आणि त्याचं उत्तर पंधरा वर्षं कोपऱ्यात उभं होतं. लग्नात आलेली उषाची पायमशीन. तिच्यावर लोणच्याची बरणी, मुलांची दप्तरं आणि कुलूप नसलेल्या किल्ल्या. ती आपल्या फळीत बुडालेलीच आहे! काळ्या मशीनचा सुईखालचा भाग आणि स्टँडची फळी बरोब्बर एका पातळीत. ज्याच्यासाठी मी दाराचं वाटोळं केलं, ते त्या मशीनला जन्मापासून होतं. सरळ टाक्याशिवाय काही येत नाही तिला, पण गोधडीला आणखी काय लागतं? अकराशेची मोटर बसवली. पट्टा काढून पायडल सुतळीने बांधून टाकलं, ते आता पाय ठेवायची पाटी झालं. त्यावर मोटरचं पॅडल, आणि खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा, नाहीतर पॅडल पुढे पुढे पळतं. नवी मशीन नणंदेच्या मुलीला दिली. ती ब्लाउज शिवते, तिला उपयोगाची आहे.

बसण्याच्या उंचीचं गणित वेगळं. मशीनची फळी तीस इंच. प्लास्टिकच्या खुर्चीत मी बसले की बैठक सतरा इंच, त्यावर माझं कोपर नऊ इंच, म्हणजे सव्वीस. चार इंच कमी. त्या चार इंचांसाठी मी खांदे कानापाशी नेऊन शिवत होते आणि रात्री मानेला तेल चोळत होते. मशीन कापता येत नाही, म्हणून खुर्चीवर पाट बांधला आणि पाटावर चिंध्यांची जाड गादी. चिंध्यांना आपल्याकडे तोटा नाही. बसायची उंची वाढली की पाय अधांतरी होतात, पण तिथे ते बांधलेलं पायडल आधीच जमिनीपासून वर आहे. हे माझं डोकं नव्हे, जुळून आलं.

मग गोधडीचं वजन. पायमशीनची फळी म्हणजे जेमतेम वीतभर मागे, हातभर डावीकडे. गोधडी मागून घसरली की पुन्हा तेच ओढणं. पस्तीस इंची टेबल मागे लावून उपयोग नाही, पाच इंचांची पायरी होते. तिथे तीसच हवं. घरात एक पत्र्याचं टेबल होतं, सत्तावीस इंची, त्यावर पूर्वी टीव्ही असायचा. तीन इंच कमी. विटा लावून पाहिल्या, पण मशीन सुरू झाली की थरथरीने टेबल विटेवरून सरकायचं. मग सिमेंटचे ठोकळे केले. आइस्क्रीमचे चार रिकामे डबे घेतले, शौचालयाच्या कामातलं उरलेलं सिमेंट आणि वाळू, डबा चार इंच भरला आणि ओलं असताना मधे टेबलाच्या पायाएवढा लाकडाचा तुकडा पॉलिथिनमध्ये गुंडाळून एक इंच दाबला. दुसऱ्या दिवशी तुकडा काढला, डबा फाडला, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. आता टेबलाचा पाय त्या खळग्यात बसतो, वर तीन इंच उचलला जातो, आणि सरकत नाही. हे टेबल मशीनच्या मागे, आणि टेबलाची मागची कड भिंतीला चिकटवलेली. भिंत असली की गोधडी पलीकडे पडूच शकत नाही. डावीकडे अठरा इंची लोखंडी पेटी, खाली विटांचे चार थर, झाले तीस. पेटी जड, ती हलत नाही. तिच्यात लुगडी आहेत.

असा मागून आणि डावीकडून बांध घातल्यावर पहिली गोधडी शिवली तेव्हा मला वाटलं, मशीनला तेल जास्त झालं की काय. इतकी हलकी चालली. सुईपासून मशीनच्या खांबापर्यंत सात इंच जागा, त्यात अर्धी गोधडी गुंडाळून घालावी लागते, ते कष्ट आहेतच. मी मधून सुरू करते आणि बाहेर जाते, म्हणजे गुंडाळी हळूहळू कमी होते. आत्या हाताने शिवताना कडेपासून सुरू करून आत येतात, चौकोनात चौकोन. दोन्हींची रीत वेगळी, आणि त्यावरून आमच्यात अजून तह झालेला नाही.

थर लावायचं रांगणं मात्र पूर्ण सुटलं. टेबल गोधडीपेक्षा लहान आहे, तरी जमतं. टेबलाच्या बरोबर मध्यावर आगपेटीची एक काडी, गूल तोडून, चिकटपट्टीने चिकटवायची. अस्तर दुमडून त्याचा मध्य काढायचा आणि काडीवर ठेवायचा, उलटी बाजू वर. काडी बोटाला कापडातून लागते. अस्तर दोन्ही लांब कडांना ऑफिसच्या काळ्या क्लिपांनी टेबलाला पकडायचं, ताणायचं नाही, फक्त सुरकुती जाईल एवढं. मग मधले थर, प्रत्येकाचा मध्य काडीवर. मग वरचं कापड. किती थर झाले तरी काडी चाचपडली की सापडते. टेबलावरचा भाग टाचून घ्यायचा, क्लिपा काढायच्या, गोधडी सरकवायची, पुन्हा क्लिपा. पूर्वी एका गोधडीला अर्धा दिवस आणि दोन दिवसांचं कंबरदुखीचं व्याज लागायचं. आता दोन तास, तेही उभ्याने, रेडिओ ऐकत. कापड सरकावं म्हणून दारावर मेणबत्ती घासली होती, ती चूक करू नका. त्यावर नंतर इस्त्री फिरवली आणि पांढऱ्या दुपट्यावर मेणाचा डाग उमटला.

इस्त्रीसाठी मग वेगळी व्यवस्था: ओटाच. बत्तीस इंच, वरून दाब द्यायला योग्य. त्यावर धनगराकडून घेतलेल्या जुन्या घोंगडीचा चौघडी केलेला तुकडा. लोकर उष्णता धरून ठेवते, त्यामुळे कापड खालूनही शेकतं आणि शिवण एकाच फेरीत बसते. सुती चादरीवर दोनदा फिरवावी लागायची. उन्हाळ्यात हे काम सकाळी सहाच्या आधी. एप्रिल-मेमध्ये दुपारी इस्त्री हातात धरायची म्हणजे इस्त्री कोण आणि आपण कोण ते कळत नाही.

उजेड डावीकडून हवा, कारण उजव्या हाताची सावली टाक्यावर पडते. मी टेबलच फिरवलं, खिडकी डावीकडे आली. एवढंच.

खर्च विचारतात म्हणून सांगते. दार सातशे, घोड्या चौदाशे, मोटर अकराशे. बत्तीसशे. सुतारकाकांनी भोकाचे पैसे घेतले नाहीत, आणि ते का घेतले नाहीत ते मला विचारायचं नाही.

खरी अडचण आता वेगळीच आहे. घरात पस्तीस इंच उंच, गुळगुळीत, रिकामी जागा दिसली की प्रत्येकाच्या हातातली वस्तू तिथेच उतरते. ह्यांचं हेल्मेट, फवारणीची पावती, सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी, मुलाचा क्रिकेटचा बॉल, कोथिंबिरीची जुडी. मी एकदा सगळं चिंध्यांच्या भोकात लोटून दिलं. हेल्मेट अडकलं.

आणि आत्या. टेबलावर त्या काम करत नाहीत, करणारही नाहीत. पण मे महिन्यात एका दुपारी मी आत आले तर टेबलाच्या चारी बाजूंनी ओली लुगडी सोडलेली, आणि आत अंधारात आत्या, सतरंजीवर, दाभण बाजूला ठेवून आडव्या. कूलरचा झोत नेमका तिकडे. म्हणाल्या, "येथी बाज घालून दे ना मले." बाज सहा फुटांची. घोड्या मी दाराच्या टोकांपासून सहा-सहा इंच आत लावल्या होत्या, मधे साडेपाच फूट.

"मंग घोड्या सरकव," आत्या आतूनच म्हणाल्या.

टोकाला सरकवल्या. दाराची भरीव कड तिथेच असते, घोडीची दांडी आता थेट तिच्यावर टेकते, त्यामुळे टेबल उलट पक्कं झालं. मधे थोडी झोळ पडते, कापताना दाबलं की जाणवते. बाजेचे खूर दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं सोडून बसले.

आता दुपारी एक ते चार मी वर कापते आणि खाली आत्या घोरतात. कात्री खाली पडू द्यायची नाही, एवढंच सांभाळायचं.